शिट्टी आणि पत्र्यावरचा पाऊस

नाशिक–पुणे रेल्वेचा विषय निघाला की आमच्याकडे हल्ली एकच वाक्य ऐकू येतं, "एका दुर्बिणीपायी गाडी अडली." लग्नाच्या पंगतीत ऐकलं, दवाखान्याच्या बाकावर ऐकलं, आणि परवा तर एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी, "त्या तव्या उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायला काय होतं?" असं विचारलं. त्यांना तोंडी उत्तर देता देता चहा निवला, तरी उत्तर पुरं झालं नाही. म्हणून हा लेख. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी हकिकत, म्हणजे परदेशातल्या मंडळींना संदर्भ लागेल. महारेलने आखलेला पुणे–नाशिक मार्ग सुमारे २३५ किलोमीटरचा. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा येणारा. याच वाटेवर जुन्नर तालुक्यात खोडद गावाजवळ आपली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तिच्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, आणि २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितलं की मार्ग दुर्बिणीच्या जवळून जाणार नाही, शिर्डी–अहिल्यानगर बाजूने वळवावा लागेल. नारायणगाव–संगमनेरची माणसं चिडली. चिडणारच. वर्षानुवर्षं स्टेशनाचं स्वप्न दाखवायचं आणि मग म्हणायचं, तुमच्या गावावरून नाही!

माझं मत आधीच सांगून टाकते. दुर्बीण हलवू नये, आणि तिच्या कानाशी विजेची गाडी नेऊ नये. पण याची किंमत एकट्या जुन्नर–संगमनेरने मोजावी हेही मला मान्य नाही. आता हे मत कसं झालं ते सांगते. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नव्हे. त्यामुळे जे समजलं ते माझ्या भाच्याला (तो बिनतारी यंत्रणांमध्येच काम करतो) प्रश्न विचारून विचारून, आणि आपल्या वर्गातल्या भाषेत उतरवून.

आमच्या वेळच्या शाळेत एका मोठ्या खोलीत दोन वर्ग भरत. मध्ये फार तर फळा आडवा लावलेला. पलीकडे पाढे चालू, इकडे कविता. तरी शिकवणं चालायचं, कारण दोन्ही शिक्षकांना एकमेकांची लय कळायची. तिकडे घोषपाठ सुरू झाला की मी मुलांना लिहायला सांगे. तिकडे लेखन सुरू झालं की माझी कविता वर. अशात कोणी एक कारटं शिट्टी वाजवी. शिट्टी त्रास देते, पण ती *एकच* आवाज असते. कुठून येते ते कळतं, पोराला कान धरून बाहेर उभं करता येतं, आणि ते नाहीच सापडलं तरी कान तेवढा आवाज वगळून बाकीचं ऐकू शकतो. पण पत्र्यावर धो धो पाऊस सुरू झाला की? त्यात बारीक आवाज असतो, जाडा असतो, सगळेच असतात. त्यातून काही वगळता येत नाही. मुकाट्याने पुस्तक मिटायचं.

बिनतारी जगातले त्रास याच दोन जातींचे आहेत. शिट्टीला ते लोक अरुंद पट्ट्यातला अडथळा म्हणतात आणि पावसाला रुंद पट्ट्यातला. माझ्या पिढीला दोन्ही ठाऊक आहेत, फक्त नावं ठाऊक नव्हती. रात्री रेडिओ सिलोन लावला की शेजारचं एखादं स्टेशन घुसायचं आणि कुंईऽऽ अशी शिट्टी यायची. दोन स्टेशनांच्या कंपनांतला फरक एक हजाराचा असला तर एक हजार कंपनांची शिट्टी. इतका साधा हिशेब. बटण केसभर एका बाजूला सरकवलं की ती कमी व्हायची. मध्यम लहरींवर स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात ते याचसाठी. आणि खळ्यातली मोटर सुरू झाली, घरावरून फटफटी गेली, वीज चमकली, की जी खरखर यायची ती कुठलंही स्टेशन लावा, तीच! ती ठिणगीची खरखर. ठिणगी सगळ्या लहरींवर एकदम बोलते. हे लक्षात ठेवा, रेल्वेपाशी पुन्हा लागणार आहे.

आता आजच्या घरात या. वाय-फाय, ब्लूटूथचा कानातला, शेजारच्यांचं वाय-फाय, मायक्रोवेव्ह भट्टी, हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात नांदतं. आपल्या सरकारने २००५ साली हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय मोकळा केला. (त्याआधीच्या पिढीला साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे, आठवतंय ना?) म्हणजे हे गायरान झालं. गायरानाला मालक नसतो, आणि ज्याला मालक नाही तिथे रीतभात लागते, नाहीतर चार बैल सगळं चरून जातात.

ती रीतभात कशी आहे ते ऐकून मला फार मौज वाटली. वाय-फायला साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते. ते बैलगाडीसारखं रस्ता भरून चालतं. ब्लूटूथला एकाच मेगाहर्ट्झची पाऊलवाट पुरते. अशा ७९ पाऊलवाटा आखल्या आहेत आणि ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उडी मारतं. सुरुवातीला ते डोळे मिटून उड्या मारायचं, त्यामुळे अधूनमधून वाय-फायच्या गाडीखाली यायचं आणि गाडीचीही चाल बिघडवायचं. मग २००३ च्या सुधारित नियमांत त्याला शहाणपण शिकवलं गेलं: कुठल्या वाटांवर वारंवार धडक होते ते टिपून ठेव, त्या गाळ, उरलेल्यांवर उड्या मार. निदान २० वाटा मात्र वापरायच्याच, म्हणजे एकाच कोपऱ्यात ठाण मांडायचं नाही. आणि वाय-फायने काय करायचं? बोलण्याआधी ऐकायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं. शिवाय ते आपला निरोप एकाच आवाजात सांगत नाही, पन्नासेक बारीक आवाजांत वाटून देतं. पन्नास मुलांना एकेक शब्द पाठ करायला दिला आणि शिट्टीमुळे त्यातल्या दोघांचे शब्द ऐकू आले नाहीत, तर वाक्याच्या अर्थावरून ते भरून काढता येतात ना, तसं.

थोडक्यात, अरुंदाने बाजूला उडी मारावी, रुंदाने आपल्यात थोडी फट सोडावी, आणि दोघांनी आधी ऐकावं. आमच्या दोन वर्गांच्या खोलीत आम्ही याहून वेगळं काय करत होतो?

चांदवडकरांना दुसरा पट्टा जास्त जवळचा आहे, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. मुंबई–आग्रा रस्त्यावर आपल्याकडे टोलनाका आहे आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नाही. नाक्यावरचं यंत्र जोरात हाक मारतं आणि चिकटपट्टी त्याच हाकेच्या लहरी परतवून आपला नंबर सांगते. या पट्ट्याची रुंदी ३ मेगाहर्ट्झ, आणि यंत्राने एका वेळी २०० किलोहर्ट्झच व्यापायचे, म्हणजे हिशेबाने पंधरा पाट बसतात. आठ रांगांच्या आठ यंत्रांनी एकाच पाटावर ओरडायचं ठरवलं तर शेजारच्या रांगेतल्या गाडीचा नंबर आपल्या रांगेत लागणार, किंवा कुणाचाच लागणार नाही. पाट वाटून घेतले, अँटेनाची तोंडं नीट वळवली, आवाज गरजेपुरता ठेवला, की गाडी न थांबता सुटते. आपण मात्र नाक्यावर अडकलो की पोरावर खेकसतो.

गंमत म्हणजे हाच ८६५ चा पट्टा शेतात लागणाऱ्या काही यंत्रांनाही दिला आहे. द्राक्षबागेत मातीचा ओलावा, पानावरचं दव, तापमान मोजणारी खुंटीवजा यंत्रं आता दिसू लागली आहेत. त्यातली काही लोरा नावाच्या पद्धतीने याच पट्ट्यात बोलतात. टोलच्या यंत्राला ४ वॅटपर्यंतची मोकळीक, आणि शेतातली खुंटी एका वॅटचा छोटासा अंश वापरून किलोमीटर दोन किलोमीटर निरोप पाठवते, कारण तिला एका छोट्या बॅटरीवर वर्षं काढायची असतात. ती हळू बोलते, आवाज खालून वर असा ओढत बोलते आणि त्या ओढीमुळेच गोंगाटातूनही ओळखू येते. खंडेरायाच्या जत्रेत आईने लेकराला हाक मारताना आवाज कसा लांबवावा, तसं. पण बाग महामार्गाला खेटून असेल तर बसवणाऱ्याने हे तपासून घ्यावं, एवढं आमच्या बागाईतदारांना सांगून ठेवते. विकणारा हे सांगेलच असं नाही.

असो. इथपर्यंत सगळे *बोलणारे* झाले. बोलणारे एकमेकांशी तडजोड करू शकतात, कारण दोघांनाही त्रास होतो आणि दोघांकडेही द्यायला काहीतरी असतं. खोडदला जे बसलंय ते बोलतच नाही. ते फक्त ऐकतं.

४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी जवळ जवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, अशा की सगळ्यात दूरच्या दोघींत २५ किलोमीटर अंतर. गोविंद स्वरूप यांनी आधी उटीला दुर्बीण उभी केली, मग ही. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी दोऱ्यांनी ताणून तबकडी करायची, म्हणजे वजन कमी, वाऱ्याला वाट आणि खर्चही आटोक्यात, ही त्यांची युक्ती. ते २०२० साली गेले. जागा खोडदचीच का? पुण्यापासून फार लांब नाही, पण शहराचा गोंगाट डोंगरांच्या आड राहतो. आपल्याकडे राहूड घाटाच्या पलीकडे गेलं की मोबाइलचे दांडे कसे गळतात, तेच तत्त्व. आपल्याला जी गैरसोय, ती त्यांना सोय.

त्या ऐकतात किती हळू ते समजायला एक उदाहरण पुरे आहे: चंद्रावर कोणी साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर रेडिओ दुर्बिणींना तो आकाशातल्या ठळक ताऱ्यासारखा दिसेल. शाळेची सहल घेऊन मी एकदा तिथे गेले होते. फाटकापाशीच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले. बरोबरच्या एका तरुण सरांनी कुरकुर केली, "एका फोनने काय होणार?" तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "तुमच्या वर्गात एकच मुलगा बोलत असला तर तुम्ही काय करता?" सरांनी फोन बंद केला.

आता "दुर्बिणीला तिचा पट्टा द्या, बाकीचे आम्हाला द्या" असं कोणी म्हणेल. वरवर न्याय्य वाटतं. जगाने तसं केलंही आहे: हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणून १४०० ते १४२७ हा पट्टा जगभर राखून ठेवला आहे, तिथे कोणीही प्रक्षेपण करायचं नाही. पण विश्व पसरतंय, आणि दुरून येणारी लहर वाटेत ताणली जाते. जितकी दूरची, तितकी ताणलेली. २०२३ साली अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच खोडदच्या दुर्बिणीने टिपलेला एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा आवाज जाहीर केला. तो साधारण ८८० कोटी वर्षं वाटेत होता. निघाला तेव्हा १४२० चा, पोचला तेव्हा ६२० च्या आसपास! आपल्याकडे ६०० चा पट्टा २०२२ च्या मोबाइल लिलावात मांडला होता. त्या वेळी तो कोणी घेतला नाही. ७०० चा मात्र एका कंपनीने घेतला. रेल्वेलाही ७०० च्या पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ तिच्या स्वतःच्या बिनतारी यंत्रणेसाठी २०२१ मध्ये मंजूर झाले. दुर्बिणीचे कान सुधारणेनंतर साधारण ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० असे उघडे आहेत (खालचे पट्टे वेगळेच). मधली जी जागा सुटली आहे, तिथे मोबाइलचा ९०० चा गोंगाट आहे. म्हणजे खोडदने आपली फट आधीच सोडली आहे. विश्वाचा इतिहास मात्र आपल्या लिलावाच्या तक्त्याप्रमाणे बोलत नाही.

तरीही, मोबाइलचे मनोरे ही शिट्टी आहे. जागा ठरलेली, कंपनं ठरलेली. तेवढा दात उपटल्यासारखा काढून टाकणाऱ्या चाळण्या यंत्राच्या तोंडाशी बसवता येतात, उरलेली खराब घरं हिशेबातून खोडता येतात. मनोऱ्याचं तोंड दुसरीकडे वळवता येतं. त्यावर वाटाघाट शक्य आहे.

विजेवरची रेल्वे ही शिट्टी नाही. डब्यावरचा तो हात २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो, आणि जिथे क्षणभर सुटतो तिथे ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. ठिणगीवरही इलाज आहे. ती अतिशय थोडा वेळ टिकते, म्हणून तेवढा क्षण कापून टाकायचा. खोडदच्या लोकांनी गावातल्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांसाठी असं क्षणोक्षणी काम करणारं यंत्र बसवलंच आहे. पण हिशेब असा आहे की कंपनांत अरुंद असेल ते कंपनांतून कापता येतं, वेळात अरुंद असेल ते वेळातून कापता येतं. दोन्हीकडून पसरलेलं कुठून कापणार? एक सर आली आणि गेली तर चालतं, संततधार लागली तर नाही. दिवसभर जा-ये करणाऱ्या गाड्या, प्रत्येकीत शेकडो चालू फोन, आणि जवळचा आवाज जोराचा असेल तर चाळणीपर्यंत पोचण्याआधीच कान बधिर होतो. बधिर कानाला मागून हिशेब करून काहीही ऐकू येत नाही.

म्हणून इथे अंतर हाच खरा इलाज. मोकळ्या जागेत दहापट लांब गेलं की त्रास शंभरपट कमी, आणि मध्ये डोंगर आला तर त्याहूनही पुष्कळ. बोगद्यातून जाणारी गाडी दुर्बिणीला जवळजवळ ऐकूच येणार नाही. पण बोगद्याला पैसा लागतो, आणि आपल्याकडे पैशाचा विषय निघाला की सगळेच ऐकण्याच्या अवस्थेत जातात.

आणि ते "उचलून दुसरीकडे ठेवा"? तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरचा पसारा, जमिनीखालून गेलेल्या तारा, आणि मुख्य म्हणजे तशी शांत जागा. ती आता कुठे शिल्लक आहे? अहिल्याबाईंचा रंगमहाल आपण उचलून महामार्गाच्या पलीकडे नेऊ का?

आता मला बोचणारी गोष्ट. हे सगळं चांदवडला बसून लिहिणं सोपं आहे. आम्हाला मनमाड हाकेच्या अंतरावर, मनमाडहून दौंडमार्गे पुण्याला जाता येतंच, आणि मार्ग शिर्डी–अहिल्यानगरकडून गेला तर आमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते नारायणगावच्या टोमॅटोवाल्याचं, संगमनेरच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांचं. त्यांच्या तालुक्याने तीसेक वर्षं देशासाठी शांतता राखली. आसपास कारखाना काढायचा तरी दुर्बिणीच्या केंद्राचा दाखला हवा. दुर्बिणीने लावलेल्या शोधांची कौतुकं परदेशात होतात, आणि खोडद–नारायणगावच्या माणसाला मिळतं काय, तर "तुमच्यामुळे गाडी अडली" हा टोमणा! हे चूक आहे. धरणात ज्यांची जमीन जाते त्यांना निदान कागदावर तरी मोबदला असतो. शांततेसाठी काही सोडलं तर मोबदल्याचा रकाना कुठल्याच कागदावर नाही. तो असायला हवा.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, नारायणगावच्या बाजूने गाडी नेली तर दुर्बिणीला नेमका किती त्रास होईल, किती अंतरावर आणि कुठल्या डोंगराआडून तो सोसण्याइतका राहील, हे मोजून त्याचा अहवाल मराठीत छापावा आणि ग्रामपंचायतीत लावावा. माणसं अडाणी नसतात. त्यांना कोणी सांगत नाही. दोन, मार्ग वळणारच असेल तर त्याच वेळी, त्याच कागदावर, जुन्नर–संगमनेरसाठी काय ते लिहावं: वळवलेल्या मार्गावरच्या जवळच्या स्टेशनाला जोडणारा रस्ता, शेतमालासाठी शीतगृह, त्या तालुक्यातल्या मुलांना दुर्बिणीच्या कामात शिकाऊ म्हणून जागा. नंतर बघू म्हटलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, गावोगावच्या शाळा येतात. पुण्याच्या आणि नाशिकच्या नातेवाइकांनी नातवंडांना घेऊन एकदा जाऊन यावं. नारायणगावहून पूर्वेला वळायचं. फोन गाडीतच बंद करा, आणि हो, हातातलं ते पावलं मोजणारं घड्याळसुद्धा. तेही ब्लूटूथच आहे.